पेशव्यांच्या माघारीची वाट : वर्धा ते पैनगंगा

केळापूर येथील श्री जगदंबेच्या दर्शनास येणारे भाविक पांढरकवड्याहून नागपूर–हैदराबाद महामार्गानेच येतात. मराठेशाहीच्या अखेरच्या पर्वातील एक वाट याच मुलखातून गेली आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

२० फेब्रुवारी १८१८ रोजी सोलापूरकडील आष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले व साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती गेले. दुसरे बाजीराव पेशवे पुढे पूर्वेकडे वळले. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांशी हातमिळवणी करून चांद्याचा किल्ला गाठावा, हा त्यांचा बेत होता. परंतु मार्चमध्येच आप्पासाहेबांना कैद झाली. वर्धा नदीपलीकडे कर्नल स्कॉट वाट अडवून होता, तर मागे जनरल डव्हटनची फौज लागलेली. या कोंडीत १७ एप्रिल रोजी पांढरकवड्याच्या परिसरातील शिवणी येथे कर्नल अ‍ॅडम्सने पेशव्यांना गाठले. उरलेल्या तोफा गेल्या, फौज विखुरली. बाजीराव स्वतः घोड्यावरून निसटले. ३ जून रोजी ते माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वार्षिक आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरास गेले. पाठ्यपुस्तके खडकी व कोरेगावपाशीच रेंगाळतात. वऱ्हाडातील या अध्यायाची उपेक्षा खेदजनकच म्हणावी लागेल.

ही वाट पाहू इच्छिणाऱ्यांनी वरोऱ्याहून वर्धा ओलांडून वणी, मारेगाव, करंजी या मार्गे वाहनाने पांढरकवड्यास यावे. केळापूरपर्यंतचे थोडे अंतर पहाटे पायी चालता येते. दक्षिणेस पाटणबोरीनंतर पैनगंगा लागते. चैत्र-वैशाखात येथील ऊन असह्य असते. बुणगे, उंट व बायका-मुले घेऊन त्याच दिवसांत पळणाऱ्या लष्कराचे पाण्यावाचून काय झाले असेल, हे त्या उन्हात उभे राहिल्यावरच उमगते. तरीही कुटुंबासह येणाऱ्यांना थंडीचेच दिवस सोयीचे.

रानात तंबू ठोकण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. जवळचे टिपेश्वर अभयारण्य वाघांचे घर आहे. पांढरकवडा वनविभागात माणसांवरील हल्ल्यांनंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये एका वाघिणीला गोळी घालण्यात आली. त्यापूर्वी शेतात व रानात गेलेल्या कित्येक गावकऱ्यांचे प्राण गेले होते. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीने, वाहनातूनच जावे. मुक्काम पांढरकवडा गावात करावा आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. पाणी सोबत असू द्यावे.