लेव्हलच्या काचेवरच्या रेषांनी अंतर कसं मोजावं

पातूरच्या डोंगरउतारावर, बरड वावरात नाहीतर ओढ्याच्या काठाने टेप नीट ताणता येत नाही. झुडपं आडवी येतात, टेपला झोल पडतो, उतारामुळे अंतर जास्त भरतं. अशा जागी ऑटो लेव्हलच्या दुर्बिणीतली काचेची चकती कामी येते. तिच्यावर मधल्या आडव्या रेषेच्या वर-खाली दोन आखूड रेषा कोरलेल्या असतात. त्या स्टेडिया रेषा. आकडे छापलेल्या उभ्या पट्टीचा, म्हणजे स्टाफचा, जेवढा भाग या दोन रेषांमध्ये दिसतो, त्यावरून अंतर काढतात. जेम्स वॉटने 1771 च्या सुमारास स्कॉटलंडात कालव्यांच्या पाहणीसाठी हीच युक्ती वापरली. पूर्वी रेषांसाठी कोळ्याचा धागा ताणत. आता त्या काचेवरच असतात.

साहित्य : ऑटो लेव्हल, तिपाई, बुडबुड्याचा स्टाफ, स्टीलचा टेप, खुंट्या, फील्ड बुक.

आधी पडताळणी

1. सपाट धुऱ्यावर तिपाई रोवा. काळ्या मातीत पाय घट्ट दाबा, मग गोल बुडबुडा मधोमध आणा.
2. दुर्बिणीपुढे पांढरा कागद धरा. रेषा काळ्याभोर दिसेपर्यंत फक्त आयपीस फिरवा.
3. कागद काढून स्टाफ फोकस करा. डोळा किंचित वर-खाली करा. रेषा आकड्यांवरून सरकली, तर फोकस पुन्हा जुळवा. हे टाळलं तर पुढची सगळी रीडिंगं संशयास्पद ठरतात.
4. उपकरणापासून टेपने 20, 40, 60 मीटरवर खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीवर स्टाफ धरून वरच्या रेषेच्या रीडिंगमधून खालच्या रेषेचं वजा करा : 0.200, 0.400, 0.600 यायला हवं. म्हणजे गुणक, या वजाबाकीला ज्याने गुणून अंतर मिळतं तो आकडा, 100.
5. तिन्ही ठिकाणी सारख्याच प्रमाणात फरक पडला, उदा. 0.198, 0.396, 0.594, तर गुणक 101 धरा. प्रमाण वेगवेगळं आलं, तर उपकरण दुरुस्तीला द्या.

मोजणी

1. स्टाफ खुंटीवर किंवा पक्क्या दगडावर उभा धरायला सांगा. बुडबुडा मध्यात हवा.
2. तिन्ही रेषांची रीडिंगं मिलिमीटरपर्यंत लिहा. समजा 1.742, 1.592, 1.442.
3. वरचं आणि खालचं मिळवून निम्मं करा : 1.592. मधल्या रीडिंगशी 2 मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत असेल, तर पुन्हा वाचा.
4. 1.742 − 1.442 = 0.300. गुणिले 100, म्हणजे 30 मीटर. लेव्हलची नजर आडवीच असते, म्हणून उतारावरही हे आडवं अंतरच मिळतं; वेगळी दुरुस्ती लागत नाही.

हे सांभाळा

फरकात 1 मिलिमीटर चुकलं, की अंतर 10 सेंटिमीटरने चुकतं. म्हणून 60 मीटरपलीकडे जाऊ नका. उन्हाळ्यात सकाळीच काम उरका. दुपारी जमिनीलगतची हवा थरथरते आणि खालची रेषा वाचता येत नाही. खालचं रीडिंग अर्ध्या मीटरच्या वरच ठेवा. दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नका. काचेच्या चकतीवर धूळ दिसली, तरी आयपीस खोलू नका. ते काम कारागिराचं. शेततळ्याची, बांधाची आखणी या आकड्यांवर उभी राहते, तेव्हा पडताळणीची तारीख आणि गुणक फील्ड बुकच्या पहिल्या पानावर लिहूनच कामाला लागा.