उचलणें आणि धरणें : जॅकवर घेतलेल्या गाडीची घरगुती दुरुस्ती

जड वस्तु उचलणें हें एक काम आणि उचललेली वस्तु धरून ठेवणें हें दुसरें काम. हा भेद आपल्या वडीलधाऱ्यांस पक्का ठाऊक होता. घराचा कुजलेला खांब बदलावयाचा असला म्हणजे सुतार प्रथम तुळईखालीं दोन भक्कम टेकू देतो, आणि मगच खांबास हात लावतो. आमच्या पावसजवळच्या रनपार व पूर्णगड ह्या बंदरांत पावसाळ्यापूर्वीं होड्या किनाऱ्यावर ओढतात. ओढण्यास माणसें आणि दोर लागतात, परंतु होडी वर आल्यावर तिला दोराच्या भरंवशावर कोणी उभी ठेवीत नाहीं. दोन्ही बाजूंस लांकडी टेकू लागतात, तेव्हां कोठें माणूस तिच्या तळाशीं कामास बसतो. परंतु तोच माणूस घरीं येऊन आपल्या मोटारीखालीं शिरतो तेव्हां मात्र हा भेद विसरतो, आणि ज्या जॅकनें गाडी उचलली त्याच्याच भरंवशावर आपला जीव ठेवतो.

आंब्याच्या दिवसांत ही भूल विशेष घडते. पेट्या रातोरात वाशीच्या बाजारास निघावयाच्या असतात. अशा वेळीं पिकअपचा ब्रेक घासूं लागला किंवा पाटा मोडला, तर गाडी रत्नागिरीस कारखान्यांत नेऊन दोन दिवस थांबण्यास सवड नसते. मग अंगणांतच पाने निघतात. स्वतःची दुरुस्ती स्वतः करणें हें शेतकऱ्यास भूषणावहच आहे. मात्र ती करतांना गाडी कशावर उभी आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे.

हें शहाणपण प्रस्तुत लेखकास फुकट मिळालेलें नाहीं. चार वर्षांपूर्वीं आमच्या पिकअपचें पुढचें डावें चाक काढून माझा पुतण्या खालीं शिरून काम करीत होता. जागा अंगणाच्या कडेची, लाल मातीची. जॅक मातींत रुतूं लागला, म्हणून गडग्यासाठीं आणलेला एक जांभा चिरा मीं त्याच्या बुडाखालीं दिला आणि दुसरा गाडीच्या सांगाड्याखालीं उभा केला. ज्या दगडावर आपलें घर उभें आहे, त्यावर गाडी उभी राहणार नाहीं काय, असें मनास वाटलें. पुतण्यानें घट्ट बसलेला एक नट सोडविण्यासाठीं पाना जोरानें ओढला. गाडी किंचित् हालली, जॅकखालचा चिरा दुभंगला, पाठोपाठ दुसरा चुरडला आणि गाडी खालीं आली. काढलेलें चाक त्यानें केवळ पायांत येऊं नये म्हणून सांगाड्याखालीं सरकवून ठेविलें होतें. त्या चाकावर गाडी टेकली, आणि पुतण्याच्या छातीवर वीतभर जागा उरली. तेवढ्या जागेंतून तो सरपटत बाहेर आला. चिरा मीं दिला होता. म्हणून हा लेख लिहिणें मजकडे आलें.

जॅक काय करतो

गाडीबरोबर येणारे जॅक मुख्यतः दोन जातींचे असतात. एक मळसूत्राचा, कात्रीसारखा उघडणारा. दुसरा तेलाचा, बाटलीच्या आकाराचा. तेलाच्या जॅकचें मूळ तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ पास्काल ह्यानें सतराव्या शतकांत मांडलें, आणि इंग्रज कारागीर जोसेफ ब्रामा ह्यानें त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचें पेटंट १७९५ सालीं घेतलें. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्वत्र सारखाच पोंचतो, हें तें तत्त्व. समजा, लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ३ सेंटिमीटर आहे. मोठ्याचें क्षेत्रफळ लहानाच्या ९ पट झालें. दांडीच्या तरफेनें हाताचा जोर १५ पट होतो असें धरलें, तर १५ किलोच्या जोरानें १५ × १५ × ९ म्हणजे २,०२५ किलो वजन उचललें जाईल. घर्षणांत जाणारा अंश तेवढा वजा करावा.

आतां हाच हिशेब उलट बाजूनें पाहूं. ३ सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचें क्षेत्रफळ सुमारें ७ चौरस सेंटिमीटर. त्यावर २,००० किलो भार आला असतां आंतील तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २८५ किलो होतो. मोटारीच्या टायरमध्यें हवा असते ती दर चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच किलो दाबाची; म्हणजे हा दाब तिच्या शंभर पटींहून अधिक झाला. एवढा दाब अडवून धरणारी वस्तु कोणती ? तर एक रबरी कडें आणि झडपेंतील एक लहानशी गोळी. कडें झिजलें किंवा गोळीखालीं धुळीचा कण अडकला, कीं तेल मागें झिरपतें आणि गाडी उतरूं लागते. मळसूत्राचा जॅक झिरपत नाहीं हें खरें, परंतु त्याचें बूड अरुंद असतें आणि सांधे अनेक. बाजूनें धक्का बसला कीं तो आडवा होतो. तात्पर्य, जॅक उचलण्यासाठीं आहे. चाक बदलण्यापुरताच त्याचा विश्वास धरावा, आणि तेव्हांही अंगाचा कोणताही भाग गाडीखालीं जाऊं देऊं नये.

चिरा कां फसवितो

जांभा दगडाचें इंग्रजी नांव बुकानन ह्या प्रवाशानें १८०७ सालीं विटेच्या लॅटिन नांवावरून पाडलें, आणि तें यथार्थच आहे. जांभा विटेसारखा सच्छिद्र आहे. खाणींतून निघतांना मऊ असतो आणि वाऱ्यावर कठीण होतो. भारतीय मानक ३६२० प्रमाणें बांधकामाच्या चिऱ्यानें दर चौरस सेंटिमीटरला निदान सुमारें ३५ किलो दाब सोसला पाहिजे. दहा फूट उंचीच्या भिंतींत तळच्या चिऱ्यावर भिंतीचा स्वतःचा भार येतो तो दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्याही आंत, आणि तोही चुन्याच्या किंवा सिमेंटच्या थरावरून सर्व पृष्ठभागावर सारखा पसरून. म्हणून घर पिढ्यान् पिढ्या उभें राहतें.

गाडीची गोष्ट निराळी. सांगाड्याचा अरुंद काठ चिऱ्याच्या अवघ्या १० चौरस सेंटिमीटरवर टेकला आणि एका कोपऱ्याचा भार ६०० किलो असला, तर दाब ६० किलो होतो. शिवाय चिरा ओला असेल किंवा त्यांत मातीची शीर असेल, तर त्याचें बळ आणखी कमी. हाच न्याय विटेला आणि सिमेंटच्या पोकळ ठोकळ्याला लागू आहे. लांकूड दबतांना करकरतें, चेपतें, सूचना देतें. दगड आणि वीट एकाएकीं फुटतात. गाडीखालचा माणूस सूचनेची वाट पाहत राहिला, तर ती त्यास मिळतच नाहीं.

कामाची रीत

(१) जागा. सपाट आणि कठीण जागा पाहावी; सिमेंटचा कोबा उत्तम. उतारावर, शेणानें सारवलेल्या खळ्यांत किंवा पावसानें भिजलेल्या मातींत काम करूं नये. सड्यावरचा कातळ कठीण असला तरी खांचखळग्यांचा असतो, हें ध्यानांत ठेवावें. माती टाळतां येत नसेल, तर जॅकखालीं व टेकूखालीं साग, ऐन किंवा किंजळ ह्यांची दोन इंच जाडीची रुंद फळी आडवी घालावी. आंब्याच्या पेटीच्या फळ्या ह्या कामास निरुपयोगी आहेत.

(२) चाकें अडविणें. गाडींतील माल व माणसें उतरवावीं, हातब्रेक ओढावा, गाडी गियरमध्यें ठेवावी आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांस दोन्ही अंगांनीं लांकडी पाचरी माराव्या. पाचरी हव्यातच, कारण बहुतेक गाड्यांचा हातब्रेक मागल्या चाकांसच लागतो. दोन्ही मागलीं चाकें उचललीं, कीं त्याचा उपयोग संपला. गियरचेंही तसेंच. इंजिनानें फिरणाऱ्या दोन चाकांपैकीं एक अधांतरीं झालें, कीं डिफरन्शियलमुळें तें मोकळें फिरतें आणि गियरचा अटकाव नाहींसा होतो.

(३) नट आधीं सैल करणें. चाक जमिनीवर असतांनाच त्याचे नट अर्धा फेरा सैल करावे. गाडी वर घेतल्यावर पान्यास हिसडे देणें म्हणजे ती पाडण्याचाच उद्योग होय.

(४) जॅकची जागा. गाडीबरोबरच्या पुस्तकांत दाखविलेल्या ठिकाणींच जॅक लावावा. इंजिनाच्या तेलाची टांकी व पातळ पत्र्याचा तळ ह्यांखालीं तो कधींही लावूं नये. गाडी दोन बोटें उचलून थांबावें, आणि जॅक ताठ आहे ना तें पाहून मग पुढें न्यावी.

(५) टेकू देणें. हें मुख्य काम. ह्यासाठीं रुंद पायांची, खिट्टीनें उंची ठरविण्याची पोलादी घोडी मिळते. तिला कारागीर स्टँड म्हणतात. तिच्यावर किती टन लिहिलें आहे आणि तो आंकडा एकीचा आहे कीं जोडीचा, हें घेतांनाच वाचावें. घोडी अक्सलाखालीं किंवा सांगाड्याच्या भक्कम भागाखालीं ठेवावी, खिट्टी पुरती बसली आहे हें पाहावें आणि जॅक हळूहळू उतरवून सर्व भार घोडीवर द्यावा. दोन घोड्या असल्या, तर दोन्हींची उंची सारखी हवी. घोडी मिळत नसेल तर चौकोनी, कठीण, न तडकलेले ओंडके दोन उभे व त्यांवर दोन आडवे असे रचावे. मात्र रचनेची उंची ओंडक्याच्या लांबीहून अधिक होऊं देऊं नये.

(६) पारख. खालीं शिरण्यापूर्वीं बाहेर उभें राहून गाडीस हातानें दोन-तीनदां चांगलें ढकलावें. पडावयाची असेल, तर ती तेव्हांच पडूं द्यावी.

(७) दुसरा आधार. काढलेलें चाक अथवा स्टेपनी सांगाड्याखालीं आडवी सरकवून ठेवावी, आणि जॅकही नुसता टेकलेला राहूं द्यावा. पुतण्याचा जीव ज्यामुळें वांचला, तें आम्हांकडून अजाणतां घडलें होतें. आपण तें जाणूनबुजून करावें.

(८) सोबत. एकट्यानें गाडीखालीं काम करूं नये. हांकेच्या अंतरावर एक जाणतें माणूस असावें; मुलें दूर असावीं; आणि गाडी टेकूवर असतां इंजिन कोणी सुरू करूं नये. उतरवितांना हत्यारें व माणसें बाहेर आलीं हें आधीं पाहावें. मग गाडी जॅकवर घेऊन घोडी काढावी, चाक जमिनीस लागल्यावर नट समोरासमोरच्या क्रमानें घट्ट करावे, आणि थोडी धांव झाल्यावर ते पुन्हां तपासावे.

ट्रॅक्टर आणि डंपिंग ट्रॉली

ट्रॅक्टरचा पुढचा अक्सल मध्यावर खिळीवर झुलता असतो. मागचें चाक उचलावयाचें असेल, तर त्या अक्सलाच्या व सांगाड्याच्या मध्यें दोन्ही बाजूंस लांकडी पाचरी घट्ट बसवाव्या, नाहीं तर ट्रॅक्टर एका कुशीस कलतो. मागें उचललेला नांगर किंवा रोटाव्हेटर आधीं जमिनीस टेकवावा. उलटविण्याच्या ट्रॉलीचा हौदा वर घेऊन खालीं काम करावयाचें असेल, तर हौद्यास पोलादी टेकू दिल्यावांचून हातही आंत घालूं नये. तो हौदा ज्या तेलावर उभा असतो, त्याची गोष्ट वर सांगितलीच आहे.

इतकें करूनही माणूस अडकलाच, तर त्यास हातपाय धरून ओढूं नये. दुसऱ्या जॅकनें गाडी उचलावी, उचलतां उचलतां खालीं ओंडके घालीत जावें आणि त्याच वेळीं दुसऱ्यानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

महसूल खात्याच्या नोकरींत अपघाताच्या मदतीचीं प्रकरणें माझ्या मेजावरून जात असत. पंचनाम्यांत मृत्यूचें कारण एका ओळींत लिहून होतें; घरच्यांना मात्र सात-बारावर वारसनोंद झाल्यावरही तें पुरतें उमजत नाहीं. राज्य शासनानें २०२३ सालीं आणलेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल वारसांस २ लाख रुपये ठरविलेले आहेत. चांगल्या घोड्यांची जोडी दोन-चार हजार रुपयांत येते, आणि चार घरांनीं मिळून घेतली तर प्रत्येकास हजार रुपयेही पडत नाहींत. आपल्या सोसायटीनें फवारणीच्या पंपाप्रमाणें अशी एक जोडी गोदामांत ठेवावी आणि मागेल त्या सभासदास द्यावी, अशी माझी सूचना आहे. तोंवर प्रत्येकानें एवढें तरी करावें : पुढच्या वेळीं पाना हातांत घेण्यापूर्वीं गाडीखालीं वांकून पाहावें आणि स्वतःस विचारावें, कीं हिला उचललें कोणीं तें दिसतें, पण धरलें आहे कोणीं ?