हातानें चालणारें झाडण्याचें यंत्र

केरसुणीनें गालिचा झाडला असतां धूळ जागा सोडते, पण घर सोडीत नाहीं. ती हवेंत उडते व घटकाभरानें पुन्हां तेथेंच बसते. ह्या अडचणीवर अमेरिकेंत एक सोपा उपाय निघाला.

मिशिगन संस्थानांतील ग्रँड रॅपिड्स शहरीं मेल्विल बिसेल व त्याची पत्नी ॲना ह्यांचें चिनी मातीच्या भांड्यांचें दुकान होतें. भांडीं लाकडाच्या भुशांत बांधून येत, व तो भुसा गालिच्यांत रुतून बसे. तो निघावा म्हणून बिसेलनें पूर्वीच्या यंत्रांत सुधारणा करून १८७६ सालीं पेटंट घेतलें.

ह्या यंत्राची रचना अशी: एका चपट्या पेटींत लाटण्यासारखा गोल ब्रश आडवा बसविलेला असतो. दांडा धरून पेटी ढकलली कीं चाकें फिरतात व त्यांच्या घर्षणानें ब्रशाचा आंस फिरूं लागतो. आंस चाकाहून बारीक असल्यामुळें चाकाच्या एका फेऱ्यांत ब्रशाचे अनेक फेरे होतात. ब्रशाचे केस केर उचलून पेटींतील खणांत टाकतात. वर झांकण असल्यानें धूळ फारशी उडत नाहीं. वीज नको, कोळसा नको. ढकलणाऱ्या हाताचेंच बळ पुरतें.

१८८४ सालीं कारखाना जळाला, तेव्हां ॲनानें कर्ज मिळवून तो पुन्हां उभा केला. १८८९ सालीं पति वारल्यावर सर्व कारभार तिनेंच चालविला.

विद्यार्थ्यांनो, घरांत आईला रोज कोणती अडचण सोसावी लागते, हें एकदां नीट पाहा. पुष्कळ शोधांचें मूळ तेथेंच असतें.