टाळू, टेप आणि कवटीतील दाब

“डॉक्टर, महिन्यापूर्वी शिवलेली कुंची बसत नाही हो,” आजी सहज म्हणाल्या. चार महिन्यांच्या बाळाचे डोके ४६ सेंटिमीटर भरले. अपेक्षा ४१ च्या आसपासची. टाळू फुगलेली, बाळ मात्र हसरे.

बंद कवटीत मेंदू, रक्त व मस्तिष्क-मेरुद्रव यांची एकूण जागा ठरलेली असते, हे मन्रो (१७८३) व केली (१८२४) यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व. एक वाढले की प्रथम द्रव व शिरांतील रक्त बाहेर सरकते. दाब फारसा चढत नाही. ही सवलत संपताच चार थेंबांची भरही दाब झपाट्याने चढविते. तान्ह्या बाळात कवटीचे सांधे सैल असतात. म्हणून आधी डोके वाढते, उलट्या व सुस्ती मागाहून येतात.

शंट बसविला, बाळ सुधारले. आधीच्या लसीच्या भेटीत टेप लावायची मीच विसरलो होतो.