हिरवी वायर

साइटवर हॅलोजनला आम्ही ‘फोकस’ म्हणतो. पत्र्याची बॉडी, लोखंडी स्टँड, आत ५०० वॅटची कांडी. वायरमन म्हणून ड्रिल, कटर, व्हायब्रेटर मी तपासून देत आलो. फोकस कधी तपासला नाही. दिवाच तो, त्यात काय बघायचं?

जुलैतली रात्र, स्लॅबची भरणी चाललेली. फोकस लावला की ईएलसीबी ट्रिप होई. पावसानं होत असेल म्हणून मी तो बायपास केला. मग उजेड पलीकडे हवा झाला. तिथल्या बोर्डाला दोनच भोकं. तीन पिनांचा टॉप कापला, हिरवी वायर दुमडून टेप मारली आणि बाकीच्या दोन काडीपेटीच्या काड्या घालून खोचल्या. ठेकेदाराची घाई होती हे खरं, पण पक्कड माझ्या हातात होती.

थोड्या वेळानं एका बिगाऱ्यानं उजेड वळवायला ओल्या हातानं स्टँड धरला. तो ओरडलाच नाही. चिकटून नुसता थरथरत होता. कुणी त्याला ओढायच्या आत मुकादमानं मेन पाडला, म्हणून दोघंही वाचले. तळहात मात्र चांगलाच भाजला. सकाळी पाहिलं तर स्टँडच्या सांध्यात वायर दबून सोललेली.

एमसीबी का पडला नाही, असं सगळे विचारत होते. ओल्या अंगाचा रोध हजारेक ओहम धरला, तर २३० व्होल्टला पाव अँपिअरच्या आत-बाहेर करंट जातो. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो पन्नासेक वॅटचा बल्ब पेटल्यासारखा. माणसाला मात्र त्याहून कमीही पुरतो. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी त्यासाठीच असतो. त्या रात्री तो सारखा हेच सांगत होता.

आता एलईडी आले. ते हॅलोजनसारखे तापत नाहीत, शेजारचं गोणपाट पेटायची भीती कमी. पण वायरीतलं व्होल्टेज तेच. म्हणून तीन कोअरची अखंड केबल, बॉडीला अर्थिंग, बाहेर पावसात चालणारा टॉप-सॉकेट. केबल सळईला गुंडाळू नका, लाकडी खुंटीवर उंच न्या. फोकसही उंचच हवा. जमिनीवर ठेवला की समोरच्याचे डोळे दिपतात आणि डक्टचं भोक सावलीत जातं.

पाण्याच्या टाकीत उतरताना २४ व्होल्टचाच हँडलॅम्प न्या, आणि ट्रान्सफॉर्मर टाकीबाहेर ठेवा. तो आत नेणारे मी पाहिलेत! वॉटरप्रूफिंगच्या रंगाचा वास कोंडला असेल तर साधा दिवा आत नेऊच नका.

आणि ईएलसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून बघा. ट्रिप झाला नाही तर बदलून घ्या. हे काँक्रीटची पहिली गाडी मागवण्याआधी करा. भरणी सुरू झाल्यावर कुणी थांबत नाही.