स्मॉल एलचा घोटाळा

व्हेरिएबलला नाव काय द्यायचं हा काय अभ्यासाचा विषय आहे का, असं मलाही वाटायचं. सेकंड इयरला मी मेसचं बिल काढणारा छोटासा सी प्रोग्राम लिहिला. महिन्याचे दिवस डी, सुट्टीचे दिवस एल (तोही स्मॉल), रोजचा दर आर. डी वजा एल, गुणिले आर, झालं बिल! टाइप करताना एलच्या जागी १ पडला. स्क्रीनवर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, आणि कंपायलरला दोन्ही चालतात. एरर नाही.

म्हणजे प्रत्येकाला बरोबर एक दिवस सुट्टी! मी तपासलं ते माझ्याच बिलावर, आणि त्या महिन्यात मी नेमका एकच दिवस घरी गेलो होतो. ज्यांनी सुट्टी घेतलीच नव्हती त्यांचे १०० रुपये वाचले, ते कशाला बोलतील? माझा रूममेट मात्र वडिलांच्या ऑपरेशनसाठी १२ दिवस गावी होता. १८०० च्या जागी त्याला २९०० आले. त्याने मुकाट्याने उसने घेऊन भरले. मला कळलं आठवड्याने.

एकाक्षरी नाव नेहमीच वाईट असं नाही. लूपसाठी आय, जे मी आजही वापरतो. १९५७ साली आलेल्या फोरट्रानमध्ये आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं आपोआप पूर्णांक धरली जात, आणि नाव सहा अक्षरांपेक्षा मोठं चालत नसे. तेव्हा तोकड्या नावांना कारण होतं. आपल्याला आळसाशिवाय कोणतं आहे? टेम्प, टेम्प१, टेम्प२ ही आपल्या लॅबमधली लाडकी भावंडं तर स्वतः लिहिणाऱ्यालाही सबमिशनच्या दिवशी ओळखू येत नाहीत.

एककाचंही तसंच. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर गेलं, कारण एक प्रोग्राम पाउंड-सेकंदात आकडे देत होता आणि दुसरा ते न्यूटन-सेकंद समजत होता. नुसतं ‘टाइम’ लिहिण्याऐवजी ‘टाइम_सेकंद’ लिहायला कितीसा वेळ लागतो? पण अर्ध्या ओळीची नावंही नकोत, वाचताना धाप लागते.

प्रोग्राममध्ये आता ‘लीव्ह_डेज’ आहे. रूममेटचे ११०० मेस सेक्रेटरीने परत दिले. पण ज्यांचे १०० कमी लागले होते, त्यांच्याकडून वसुलीला मलाच खोली-खोली फिरावं लागलं. तिघांचे अजून यायचे आहेत.