तेरड्याचे बी

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. जी गोष्ट आज डौलाने मिरवते आणि लवकरच ओसरून जाते, तिला उद्देशून ही म्हण योजतात. तेरड्याचे फूल अल्पकाळ टिकते, हे खरे. परंतु जो त्याचे बी जपून ठेवतो, त्याच्या अंगणात तेरडा वर्षानुवर्षे फुलत राहतो. हे बी कसे जमवावे, कसे राखावे आणि कसे पेरावे, ते या पाठात पाहू.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मागांच्या खडखडाटात आणि दाटीच्या वस्तीत बागेला जागा ती कोठून असणार? तरीही पावसाळ्यात एखाद्या दारापुढे जुन्या डब्यात लावलेला तेरडा लाल, जांभळ्या, पांढऱ्या फुलांनी बहरलेला दिसतो. गावाबाहेर पडून वज्रेश्वरीच्या वाटेस लागावे, तो उतारांवर गुलाबी रानतेरडा उभा असतो. कोकणात कित्येक घरी भाद्रपदात तेरड्याची रोपे मुळांसकट आणून गौर म्हणून पूजतात.

तेरड्याचे आयुष्य एका पावसाळ्याचे. त्याला जमिनीखाली कंद नसतो आणि वर्षभर तग धरणारे लाकडी खोडही नसते. पाऊस सरला की झाड वाळते. पुढील वर्षाचा सारा भरवसा मोहरीहून किंचित मोठ्या अशा तपकिरी बियांवर असतो. म्हणून सगळीच झाडे उपटू नयेत. काही बियांसाठी राखावीत.

तेरड्याचे बोंड दोन्ही टोकांना निमुळते असून त्यावर बारीक लव असते. पिकताना त्याचा हिरवा रंग फिकट, पिवळसर होतो. अशा बोंडास नुसते बोट लागले, तरी ते टचकन फुटते. त्याच्या पाच फाका झटक्याने आत वळतात आणि बिया दूर उडतात. वनस्पतिशास्त्रात तेरड्याचे नाव 'इम्पेशन्स' असे आहे. त्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'उतावीळ' असा होतो! सर्व बिया झाडाखालीच पडल्या, तर रोपांची दाटी होऊन ती खुरटतील. म्हणून निसर्गाने ही योजना केली आहे.

बी जमविणाऱ्याने मात्र उतावीळ होऊन चालत नाही. हिरवे बोंड तोडले, तर बी कच्चे राहते; फार थांबावे, तर बी उडून जाते. पिवळसर बोंड ओंजळीत धरून हलकेच दाबावे, म्हणजे बी हातातच राहते. किंवा बोंडांवर पातळ कापडाची पुरचुंडी सैल बांधावी. बी नेहमी निरोगी, सशक्त आणि भरपूर फुललेल्या झाडाचे घ्यावे. मात्र एका झाडाचा पराग मधमाश्या दुसऱ्या झाडावर नेतात. म्हणून पांढऱ्या तेरड्याच्या बियांतून एखादे वेळी गुलाबी फूलही उमलते.

जमविलेले बी कागदावर पसरून सावलीत आठवडाभर वाळवावे. ओलसर बियांस बुरशी लागते. वाळलेले बी कागदी पाकिटात घालून त्यावर फुलाचे नाव, रंग व तारीख लिहावी आणि पाकीट घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड व कोरड्या जागी ठेवावे. मे महिन्यात दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. आठ रुजल्या, तर बी उत्तम. दोन-तीनच रुजल्या, तर नवे बी मिळवावे.

मृगाचा पाऊस पडला की पेरणी करावी. माती, वाळू व कुजलेला पालापाचोळा यांचे मिश्रण भुसभुशीत करून बी विरळ टाकावे, वर मातीचा पातळ थर द्यावा आणि पाणी शिंपडावे. साधारण आठवडाभरात कोंब दिसतात. चार-सहा पाने फुटली की सायंकाळी रोपे अंतरावर लावावीत. सुमारे दोन महिन्यांत फुले येऊ लागतात.

प्रत्येक बियांस आपला ऋतू ठाऊक असतो. आपला तेरडा उन्हाळाभर थांबून पावसाची वाट पाहतो. हिमालयाच्या उंच कुरणांवर 'प्रिम्युला' नावाची सुंदर फुलझाडे वाढतात. त्यांतील अनेकांचे बी हिवाळाभर बर्फाखाली पडून राहते आणि बर्फ वितळल्यावरच रुजते. थंड देशांतील माळी म्हणूनच असे बी मुद्दाम थंडीत ठेवतात. ज्याला बी राखावयाचे आहे, त्याने प्रथम त्याचा ऋतू ओळखला पाहिजे.

फुलाचे बी हरवले, तर अंगण सुने होईल. पण धान्याचे आणि भाजीचे बी हरवले तर? अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांस शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. परंतु भात, वाल, घेवडा यांचे जुने गावठी वाण नाहीसे होत आहेत, हे त्यांनी ओळखले. त्यांनी ते बी शोधले, जतन केले आणि इतर शेतकऱ्यांनाही दिले. लोक त्यांना 'बीजमाता' म्हणू लागले. भारत सरकारने 2020 साली त्यांना 'पद्मश्री' जाहीर केली.

मुलांनो, एखादे वाण टिकविण्यास मोठे शेतच लागते असे नाही. एक डबा, मूठभर माती आणि वर्षभराची आठवण एवढ्यावरही ते साधते. यंदा तेरडा फुलेल, तेव्हा एक झाड बियांसाठी राखा. आणि त्यातील निम्मे बी शेजाऱ्यास द्या. तुमच्याकडील बी कधी वाया गेलेच, तर ते त्याच्या अंगणातून परत मिळेल.

अभ्यास

शब्दार्थ : उतावीळ – घाईचा, अधीर. पुरचुंडी – लहान गाठोडी. वाण – पिकाचा विशिष्ट प्रकार. जतन करणे – जपून ठेवणे.

प्रश्न :
1. तेरड्याचे बी झाडापासून दूर का उडते?
2. 'बी जमविणाऱ्याने उतावीळ होऊन चालत नाही' असे लेखक का म्हणतात?
3. तेरडा आणि प्रिम्युला यांच्या बियांतील फरक सांगा.
4. राहीबाईंच्या कार्याचे महत्त्व पाच ओळींत लिहा.

उपक्रम : घरातील वडील माणसांना विचारून, पूर्वी लावली जाणारी पण आता न दिसणारी फुले व भाज्या यांची यादी करा.